बिअर्डी घ्यायचा तर पिल्लू की मोठा? मे ते सप्टेंबरच्या नोंदी

मे, चौथा आठवडा
पेट्या तयार, प्राणी यायचेत: बिअर्डी, म्हणजे बिअर्डेड ड्रॅगन हा पाळीव सरडा, एक पिल्लू आणि एक मोठा. क्रम असाच हवा. मोठ्या बिअर्डीला किमान ४ × २ × २ फूट जागा लागते. टिंबर मार्केटमधून ८ × ४ चा १२ मिमी प्लाय एकच घ्या. तळ, छत आणि पाठ प्रत्येकी ८ चौरस फूट, दोन बाजू ४-४, झाले ३२. पुढे सरकत्या काचा. करवतीचं पातं दर कापाला तीनेक मिमी खातं, म्हणून सगळे तुकडे एकदम कापायचे नाहीत. तळ कापून झाला की त्यावरून बाजूंचं माप घ्यायचं.

पिल्लासाठी वेगळी छोटी पेटी घेणं म्हणजे पैसे पाण्यात. सहा-आठ महिन्यांत ती अपुरी पडते. हीच पेटी मध्ये फळी लावून अर्धी करावी.

यूव्हीबी (हाडांसाठी लागणारे अतिनील किरण) देणारी ट्यूब टी-५ एचओ प्रकारची, १२ टक्के. मध्ये जाळी नसेल तर बास्किंगच्या, म्हणजे दिव्याखाली ऊब घेण्याच्या, जागेपासून ३५ ते ४० सेंमीवर. जाळी साधारण तिसरा हिस्सा यूव्हीबी अडवते, काच जवळजवळ सगळाच. त्यामुळे बंद खिडकीतून येणारं ऊन या कामाचं नाही. आणि काचेची टाकी उन्हात ठेवली तर प्राणी आत भाजून निघतो.

बास्किंगचा दगड ४१ अंश, इन्फ्रारेड गनने मोजलेला. अडचण दुसऱ्या टोकाला आहे. तिथे २५ ते २८ हवेत आणि मेच्या दुपारी ३४ दिसतात. उपाय म्हणून दुपारी १ ते ४ बास्किंगचा दिवा बंद, ट्यूब चालू.

जून, दुसरा आठवडा
पिल्लू आलं: आठ आठवड्यांचं, १७ ग्रॅम. वजनाला ०.१ ग्रॅमचा सोनारी काटा लागतो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर आठवड्याची वाढ नीट कळत नाही. खाली वर्तमानपत्र, वाळू अजिबात नाही. किड्याबरोबर वाळू पोटात गेली की आतडं तुंबतं.

दिवसातून तीन वेळा, दर वेळी १०-१५ मिनिटांत खाईल तेवढे रातकिडे. मिळून दिवसाला ३०-४०, म्हणजे महिन्याला हजाराच्या आसपास. किडा दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. आठवड्यातून पाच दिवस डी-३ जीवनसत्त्व नसलेलं कॅल्शियम, एकदा मल्टिव्हिटॅमिन. उरलेले किडे रात्री पेटीतून काढायचेच, ते झोपलेल्या पिल्लाला चावतात.

सोबतीला म्हणून दोन पिल्लं एकत्र ठेवण्याचा सल्ला अजूनही दिला जातो. देऊ नये. मोठं पिल्लू लहानाची बोटं आणि शेपटी तोडतं, आणि बिअर्डीची शेपटी पुन्हा येत नाही.

याच दिवसांत काजवे निघतात. बाहेरचे किडे पकडून घालणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा: एक काजवासुद्धा बिअर्डीला मारू शकतो.

जून, शेवटचा आठवडा
मोठा आला: दोन वर्षांचा नर, ४१० ग्रॅम. घेताना हातात धरून पाहिलं ते असं: जबडा बोटाने हलकेच दाबला तर घट्ट लागला पाहिजे, रबरासारखा नाही. मागचे पाय सरळ, शेपटीला गाठ नको, डोळे खोल गेलेले नकोत, गुदद्वार स्वच्छ. मोठ्यात नर-मादी नक्की कळते, पिल्लात तो अंदाजच असतो. फरक महत्त्वाचा, कारण मादी नराशिवायही अंडी घालते. तिला ओलसर माती भरलेलं खोल घमेलं दिलं नाही तर अंडी अडकू शकतात.

ताजी विष्ठा तपासायला दिली. तपासणीआधी जंताचं औषध नको.

जुलै
खोलीत आर्द्रता ८२ टक्के. पेटीत दिव्याखाली ४५, गार टोकाला ६३. दोन्ही बाजूंना वर-खाली जाळीच्या खिडक्या पाडल्यावर गार टोक ५२ वर आलं. पाण्याचं भांडं गार टोकाला, तेही लहान. कॅल्शियमच्या गोळ्या व्हायला लागल्या. डबीत सिलिका जेलची पुडी टाकली. रातकिड्यांच्या डब्यात बुरशी धरली, अर्धे मेले. याचा फटका फक्त पिल्लाला. मोठ्याला आठवड्यातून दोनदा ८-१० किडे पुरतात, बाकी पाला.

मोठ्याने मात्र पहिले बारा दिवस जवळपास काही खाल्लं नाही, वजन ३८८. जागा बदलली की हे होतं. हाताळणी बंद, पेटीच्या तीन बाजूंना कागद, पाणी चालू. तेराव्या दिवशी तुतीचं पान खाल्लं.

ऑगस्ट
मंडईतला पाला: शेवग्याची पानं, लाल भोपळ्याचा कीस, मोहरीचा पाला, जास्वंदीची फुलं. पालक रोज नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम धरून ठेवतं. पिल्लू पाल्याकडे बघतही नाही, तरी सकाळी बशी ठेवायचीच. सवय आत्ता लागली नाही तर मोठेपणी हट्टी होतं.

सप्टेंबर
पिल्लू १२८ ग्रॅम, मोठा ४१६.

पहिल्यांदाच घेणार असाल तर आमचं मत मोठ्याकडे, किंवा सहा-आठ महिन्यांच्या अर्धवाढीकडे. यूव्हीबीत चूक झाली तर पिल्लाची हाडं काही आठवड्यांत मऊ पडतात, मोठ्यात सावरायला वेळ मिळतो. दिवसभर घरी कोणी नसेल तर पिल्लाचा प्रश्नच मिटला. तीन जेवणं कोण घालणार? मोठ्याचा धोका त्याच्या मागच्या आयुष्यात असतो, म्हणून जुन्या ट्यूबचं वय आणि खाणं विचारून घ्या. पिल्लूच हवं असेल तर जूनमध्ये नको, पाऊस सरल्यावर आणा.

ट्यूब उजेड देत राहिली तरी तिचं यूव्हीबी कमी होत जातं. म्हणून ट्यूब बदलायची पुढच्या मेची तारीख दोन्ही पेट्यांच्या छतावर मार्करने लिहून ठेवली आहे.