डेंग्यूचा सेन्सर आणि उरलेल्या सीरमची फाइल

डेंग्यूचं एनएस१ प्रथिन ओळखणारा इलेक्ट्रोड तयार होतो. स्क्रीन-प्रिंटेड कार्बनवर सोन्याचे नॅनोकण, त्यावर अँटिबॉडी (एनएस१ला पकडणारं प्रथिन), उरलेल्या मोकळ्या जागी बीएसए (गाईचं अल्ब्युमिन, म्हणजे दुसरं काही चिकटू नये म्हणून), की बफरमध्ये, म्हणजे नुसत्या क्षारांच्या द्रावणात, आलेख सरळ येतो. खरी अडचण पुढे. परीक्षक पहिला प्रश्न विचारतात तो रुग्णाच्या सीरमचा (रक्त गोठल्यावर वर उरणाऱ्या द्रवाचा), आणि सीरम मिळतं ते हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीच्या परवानगीने. आमचं घोडं तिथेच अडलं.

रसायनशास्त्र विभागाला स्वतःची कमिटी नसते. मग हॉस्पिटलच्या कमिटीकडे अर्ज करायचा, आणि तिथले एक डॉक्टर सहसंशोधक म्हणून हवेतच. आमच्या हातात पडलेला फॉर्म औषधाच्या चाचण्यांसाठी छापलेला: डोस किती, विमा कुठला, इजा झाल्यास भरपाई किती. आणि आम्हाला हवं होतं ते तपासणी उरकल्यावर टाकून दिलं जाणारं सीरम! रकाना कोरा सोडला की फाइल परत येते. प्रत्येक ठिकाणी ‘लागू नाही’ लिहून पुढे एका ओळीत कारण द्या.

सगळ्यात चीड आणणारी गोष्ट म्हणजे कोरम, म्हणजे बैठकीला लागणारी किमान हजेरी. पूर्ण बैठकीला किमान पाच सदस्य लागतात, त्यात शक्यतो एक बिगरतज्ज्ञ सामान्य माणूसही. कोणी आलं नाही की विषय पुढच्या बैठकीत. पण ओळख पटणार नाही अशा उरलेल्या नमुन्यांसाठी पूर्ण बैठक लागतच नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा कामाला जलद पुनरावलोकनाची सोय आहे आणि संमतीतून सूटही मागता येते. कमिटी हे आपणहून सुचवेल या भरवशावर राहू नका. जलद पुनरावलोकन आणि संमतीतून सूट, दोन्ही विनंत्या कव्हरिंग लेटरच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा. नमुन्यांना कोड कोण देणार आणि नावांची यादी कोणाच्या कपाटात राहणार, हेही लिहा. यादी हॉस्पिटलातच राहिली पाहिजे, तुमच्या लॅपटॉपवर नाही.

अर्ज मार्च-एप्रिलमध्येच टाका. रुग्ण वाढतात पावसाळ्यात आणि त्यानंतर. थंडीत मंजुरी हातात पडली तर पॉझिटिव्ह नमुना आणायचा कुठून?

काय मागायचं तेही एकदाच ठरवा, कारण दुरुस्ती म्हणजे पुन्हा तीच रांग. प्रत्येक नमुन्याबरोबर तापाचा कितवा दिवस, एनएस१ एलायझाचा (प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या अँटिबॉडी-चाचणीचा) आकडा आणि आयजीएम-आयजीजीचा, म्हणजे रुग्णाच्या शरीरानेच बनवलेल्या अँटिबॉडींचा, निकाल हवा. दुसऱ्यांदा डेंग्यू झालेल्यांत आयजीजी एनएस१ला वेढून बसतं आणि सेन्सर रिकामाच राहतो. हे निकाल नसतील तर दोष सेन्सरचा की नमुन्याचा, कळणार नाही. डेंग्यू नसलेल्या पण ताप असलेल्यांचे नमुनेही त्याच अर्जात मागा: चिकुनगुनिया, मलेरिया, टायफॉइड. प्रत्येकी २०० मायक्रोलिटर, ५०-५० च्या चार नळ्यांत, उणे ८० अंशांवर. एकदा वितळलेली नळी पुन्हा गोठवायची नाही. लाल झालेलं, म्हणजे रक्तपेशी फुटलेलं सीरम घेऊच नका.

थांबावं लागतं त्या काळात बाजारातल्या निगेटिव्ह सीरममध्ये रिकॉम्बिनंट (प्रयोगशाळेत बनवलेलं) एनएस१ मिसळून काम चालू ठेवा. सीरम पीबीएसमध्ये (फॉस्फेट बफरमध्ये) दहापट पातळ करा, ०.०५ टक्के ट्वीन-२० (साबणासारखं रसायन) घाला. हा सेन्सर मोजतो तो इलेक्ट्रोडवरचा विद्युत रोध, आणि नुसत्या सीरमनेही तो वाढतो, कारण अल्ब्युमिन मिळेल तिथे चिकटतं. म्हणून शून्याची रेघ बफरवर काढू नका, तेवढ्याच पातळ केलेल्या निगेटिव्ह सीरमवर काढा. झिकाचं एनएस१ही तपासून पाहा, सारखेपणामुळे काही अँटिबॉडी फसतात.

अँटिबॉडी मागवताना बीएसए आणि ट्रिस नसलेलीच मागवा. ईडीसीने (अँटिबॉडी पृष्ठभागाला जोडणाऱ्या रसायनाने) जोडताना त्यांचे अमाइन गट जागा अडवतात आणि अँटिबॉडी बाहेर राहते. ईडीसी हवेतला ओलावा शोषतं, बाटली खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय झाकण उघडू नका. आणि रोध मोजायला वापरायचं ५ मिलिमोलर फेरी-फेरोसायनाइडचं द्रावण गडद बाटलीत ठेवा, शक्यतो रोज ताजं करा. उजेडात त्यातून सायनाइड सुटतं आणि सोनं खातं. मग रोध का सरकतोय ते शोधत बसावं लागतं.