शून्य की एक? कन्कशनची लक्षणे सांगण्याचा माझा अनुभव

महाविद्यालयाच्या फुटबॉल सामन्यात कॉर्नरवरून आलेल्या चेंडूसाठी मी उडी घेतली आणि प्रतिस्पर्धी बचावपटूचे डोके माझ्या कानशिलावर आदळले. मी बेशुद्ध पडले नाही, उलटी झाली नाही, रक्तही आले नाही. मात्र कन्कशनच्या, म्हणजे धक्क्याने मेंदूच्या कामात तात्पुरता बिघाड होण्याच्या, बहुतेक प्रकरणांत शुद्ध हरपतच नाही, हे आमच्या फिजिओ मॅडमनी हंगामापूर्वी बजावून सांगितले होते. त्यामुळे थोड्याच वेळात मैदानावरचे आवाज लांबून आल्यासारखे वाटू लागले, तेव्हा मी हात वर केला आणि बाहेर आले.

सीमारेषेवर मॅडमनी कोणता अर्धा भाग चालू आहे, शेवटचा गोल कोणी केला, असे प्रश्न विचारले. कन्कशनचा संशय आला की त्या दिवशी पुन्हा खेळायचे नाही, हा नियम असल्याने ‘आता बरं वाटतंय’ या माझ्या वाक्याला अर्थ उरला नव्हता. एका दृष्टीने ते बरेच झाले, कारण खरे सांगण्यात गमावण्यासारखे त्या दिवसापुरते तरी काही राहिले नाही.

नंतर शांत खोलीत स्कॅट ६ (SCAT6) ही खेळाडूंमधील कन्कशनसाठीची प्रमाणित तपासणी झाली. ही आवृत्ती 2023 मध्ये प्रसिद्ध झाली असून तिच्यात 22 लक्षणांची यादी असते. प्रत्येकाला 0 ते 6 यांपैकी एक अंक खेळाडूने स्वतः द्यायचा, म्हणजे एकूण तीव्रता जास्तीत जास्त 132. डोकेदुखी, मळमळ, गरगरणे यांना अंक देणे कठीण गेले नाही. मी अडले ते ‘धुक्यात असल्यासारखे वाटणे’, ‘चिडचिड’, ‘उदास वाटणे’ या ओळींवर. सामना अर्धवट सोडून आलेली खेळाडू चिडणारच, मग तो अंक धक्क्याच्या खात्यात लिहावा का, असे मी विचारले. मॅडम म्हणाल्या, “कारण तू शोधू नकोस. आत्ता कसं वाटतंय तेवढंच लिही, कारण काय ते आम्ही बघू.” संपूर्ण प्रक्रियेत मला सर्वांत उपयोगी पडलेले वाक्य हेच. आणखी एक गोष्ट त्यांनी केली: दाराशी उभ्या असलेल्या प्रशिक्षक सरांना त्यांनी बाहेर थांबायला सांगितले. सर कधीच दबाव आणत नसत, तरीही संघ निवडणारी व्यक्ती समोर असताना लिहिलेला अंक आणि ती नसताना लिहिलेला अंक सारखाच येईल, असे मला वाटत नाही.

दहा शब्द ऐकून पुन्हा सांगणे, आकडे आणि महिने उलट क्रमाने म्हणणे, एका पायावर तोल सांभाळणे हेही झाले आणि त्याचे निकाल हंगामापूर्वीच्या माझ्या बेसलाइनशी, म्हणजे धडधाकट असताना दिलेल्या याच तपासणीच्या निकालांशी, ताडून पाहिले गेले. (काही खेळाडू पुढे सोपे जावे म्हणून ही बेसलाइन मुद्दाम वाईट देतात, असा चतुरपणा शेवटी स्वतःच्याच मेंदूवर शेकतो.)

सीटी स्कॅन नॉर्मल आला तेव्हा मैत्रिणींना प्रकरण संपल्यासारखे वाटले. स्कॅन मुख्यतः रक्तस्राव किंवा अस्थिभंग नाही ना, हे पाहण्यासाठी असतो. कन्कशनमध्ये बिघाड होतो तो चेतापेशींच्या कामकाजात, आणि तो त्या चित्रात सहसा दिसत नाही. म्हणूनच डॉक्टरांची बरीचशी भिस्त खेळाडूच्या सांगण्यावर असते, आणि नेमके तेच सांगणे अनेकदा होत नाही. अमेरिकेत ‘अमेरिकन फुटबॉल’ खेळणाऱ्या शालेय खेळाडूंच्या 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, कन्कशन झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक खेळाडूंनी ते कळवलेच नव्हते. इजा तितकी गंभीर वाटली नाही, हे त्यांनी दिलेले सर्वांत मोठे कारण होते आणि खेळाबाहेर बसावे लागेल ही धास्ती त्याच्या खालोखाल.

पहिले 24 ते 48 तास सापेक्ष विश्रांती होती. म्हणजे अंधाऱ्या खोलीत पडून राहणे नव्हे, तर हलके चालणे आणि मोबाइलचा कमीत कमी वापर. त्यानंतर खेळात हळूहळू परतण्याचा सहा पायऱ्यांचा कार्यक्रम सुरू झाला. सुरुवातीच्या पायऱ्यांवर व्यायामाने लक्षणे 0 ते 10 च्या पट्टीवर जास्तीत जास्त 2 गुणांनी आणि तासाभराहून कमी वेळ वाढली तरी चालतात, असे कळल्यावर ‘किंचित दुखलं’ हे सांगण्याची भीती गेली. माझा त्रास सायकलिंगपेक्षा वाचनाने वाढत होता. प्रपत्रात शारीरिक आणि बौद्धिक श्रमांविषयी वेगवेगळे प्रश्न आहेत, म्हणूनच तो ध्यानात आला. मग प्राध्यापकांना कळवून मी प्रकल्पासाठी मुदत वाढवून घेतली.

खरी ओढाताण तिसऱ्या पायरीवर झाली. महत्त्वाचा सामना जवळ आला होता आणि सगळे रकाने शून्यावर आले होते. फक्त संध्याकाळी नेहमीपेक्षा अधिक गुंगी वाटे. डोके पुन्हा आपटण्याचा धोका असलेल्या सरावाकडे, म्हणजे चौथ्या पायरीकडे, जायचे तर लक्षणे पूर्ण गेलेली हवीत आणि डॉक्टरांची परवानगी हवी. सहा असलेला आकडा कोणी लपवत नाही, निदान मला तरी ते जमले नसते; एकाचा मात्र सहज शून्य करता येतो आणि कोणाला पत्ताही लागत नाही. बेसलाइनच्या कागदावर गुंगीपुढे शून्य होते, तेव्हा हा एक नवा होता. मी एक लिहिला.

डॉक्टरांनी झोपेच्या वेळा विचारल्या, दुपारची झोप बंद करायला सांगितली आणि मला तिसऱ्याच पायरीवर ठेवले. तो सामना माझ्याविना झाला. गुंगी गेल्यावर लेखी परवानगी मिळाली, पूर्ण संपर्काचा सराव झाला आणि पुढच्या सामन्यात मी उत्तरार्धात बदली खेळाडू म्हणून उतरले.