फी माफ केली, पण यादी?

मुलांच्या सुट्टीतल्या शिबिराच्या नोंदणीचा आज शेवटचा दिवस. सवलतीच्या दहा जागांपैकी चारच भरल्या. गेल्या वर्षीही हेच झालं होतं. तेव्हा "पालकांनाच महत्त्व कळत नाही" असं बोलून मी मोकळी झाले होते. आज त्या वाक्याची लाज वाटते.

दुपारी एक बाई मुलीला घेऊन आल्या. अर्ज भरलेला होता, पण हातातून सुटेना. सोबतची सामानाची यादी चार घड्या घालून ठेवलेली. ती उलगडून त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं, "ताई, हे लागतंच का?" खेळाचे बूट. यादी मीच केलेली: बूट, टॉर्च, रेनकोट, पाठीवरची सॅक. मुलगी पाय मागे घेऊन उभी होती. एका चपलेचा अंगठा तारेनं बांधला होता.

फी माफ केली की आपलं काम झालं, असं आम्ही धरून चाललो होतो. उत्पन्नाचा दाखला आणायचा तर एक दिवस खाडा, म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. शिबिर नऊ ते एक, आई कामावरून परतते संध्याकाळी. मग धाकट्या भावाला कोण सांभाळणार? मोठी बहीणच. ती शिबिराला येणार कशी? हे सगळं त्या बाईंनी पाच मिनिटांत सांगितलं, तक्रारीचा सूर न लावता. आम्ही इतक्या बैठका घेतल्या, त्यातल्या एकीतही हे कुणी बोललं नव्हतं.

स्वित्झर्लंडमधल्या झुरिकचे पाद्री वाल्टर बिओन यांनी १८७६ साली शहरातल्या गरीब घरांमधल्या ६८ मुलांना सुट्टीत अप्पेन्झेलच्या डोंगरात नेलं होतं. पुढच्याच वर्षी अमेरिकेत विलार्ड पार्सन्स यांनी न्यूयॉर्कच्या दाटीवाटीच्या वस्त्यांमधली मुलं खेड्यातल्या कुटुंबांकडे राहायला नेली. म्हणजे ज्यांना सुट्टीत कुठे जाता येत नाही, त्यांच्यापासून ही माणसं सुरुवात करत होती, आणि आम्ही त्यांना उरलेल्या जागा देतोय. खेळ आणि विश्रांती हा मुलांचा हक्क आहे, हे संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क करारात ३१व्या कलमात लिहिलेलं आहे. आमच्या माहितीपत्रकावर ते ठळक अक्षरांत छापलंय, माझ्याच आग्रहानं.

रात्री बसून नवा अर्ज लिहिला. पूर्ण फी, निम्मी फी, फी नाही: जे जमेल तिथे खूण करा. दाखला नको. सामान शिबिराकडूनच, आणि ते सगळ्या मुलांना सारखं, म्हणजे कुणाचं दिलेलं आणि कुणाचं घरचं हे दिसायला नको. वेळ संध्याकाळी सहापर्यंत. लहान भावंडांसाठी एक खोली आणि दोन ताया. पैसे कुठून येणार, यावर समितीत वाद होणार हे नक्की. मी मागे हटणार नाहीये. नोंदणीची मुदतही आठवडाभर वाढवायची.

बाईंचा फोन नंबर घेतला, पण मुलीच्या पायाचं माप विचारायचं राहिलं. उद्या सकाळी आधी तेच.