वाघ नसलेल्या बेटावरचे चितळ

ताडोबाच्या बफर क्षेत्रात सहा वर्षे काम केल्यामुळे चितळाचा कॉल, म्हणजे धोक्याचा इशारा, कानावर पडला की माझे पाय आपोआप थांबतात आणि नजर गवतात पट्टे शोधू लागते. हवाईतील मोलोकाई बेटावर जमिनीची धूप मोजण्यासाठी चार महिने राहिलो, तेव्हा एका सकाळी कावेलाच्या उतारावर नेमके हेच घडले. सोबतचे अंकल (इथे वडीलधाऱ्यांना सगळे अंकलच म्हणतात) मागे वळून हसले, कारण या बेटावर वाघ, बिबट्या, रानकुत्रे यांपैकी काहीच नाही. चितळाने कॉल दिला होता तो आम्हालाच पाहून.

ही चितळे मूळची आपल्याकडची. हाँगकाँगहून राजा पाचवा कामेहामेहा यांना भेट म्हणून आलेली मूठभर जनावरे 1868 साली इथे सोडली गेली आणि खाणारे कोणी नसल्याने वाढतच गेली. उतारावरचे गवत त्यांनी मुळापर्यंत कुरतडले असून, टिकून आहे ती मुख्यतः कियावे, म्हणजे आपल्या वेड्या बाभळीची चुलत बहीण. तिच्या शेंगाही चितळे आवडीने खातात. चितळांना अडवणाऱ्या कुंपणाच्या आत आणि बाहेर ठोकलेल्या लोखंडी सळया किती उघड्या पडल्या, हे मोजणे एवढेच माझे काम होते. त्या दिवशी आतल्या सळयांत फरक जेमतेम वाचता येत होता, तर बाहेरची एक सळई बोटाच्या पेराएवढी वर आली होती.

दुपारी दक्षिणेकडून, इथे ज्याला कोना म्हणतात त्या वादळाचा पाऊस आला आणि तासाभरात ओढा विटेच्या रंगाचा झाला. ही माती जाते ती किनाऱ्याला लागून सुमारे 45 किलोमीटर पसरलेल्या प्रवाळभित्तीवर, आणि गाळ बसला की प्रवाळ गुदमरतात. असाच गाळ अडवण्यासाठी 1902 मध्ये एका साखर कंपनीने फ्लोरिडातील कांदळ आणून लावले होते. आता ते जुन्या मत्स्यतळ्यांत माजले असून लोक त्याची मुळे उपटतात. मुंबईत कांदळाची एक फांदी तोडली तरी गुन्हा दाखल होऊ शकतो, हे मी सांगितले तेव्हा अंकलना ती थट्टाच वाटली.

संध्याकाळी त्यांनी चितळाच्या मांसाचे पुडके माझ्या हातात ठेवले. सुमारे सात हजार वस्तीच्या या बेटावर, जिथे वाहतुकीचा एकही सिग्नल नाही आणि वाणसामान समुद्रापलीकडून येत असल्याने महाग पडते, पुष्कळ घरांची चूल शिकारीवर चालते. मी मात्र मेलेल्या चितळाचे पंचनामे लिहिण्यात उमेदीची वर्षे घालवलेला माणूस. ते पुडके चार दिवस फ्रीजमध्ये तसेच पडून राहिले. पाचव्या दिवशी नागपूरहून आणलेला सावजी मसाला घालून मी रस्सा केला आणि अर्धा अंकलच्या घरी नेला. त्यांनी तो दोनदा मागून घेतला, आणि दोन्ही वेळा पाणीही मागितले.