सात चमचे साखर

आज चौथीच्या वर्गात गणिताचं पुस्तक उघडलंच नाही. टेबलावर काचेचा ग्लास, साखरेचा डबा, चमचा आणि मुलांच्या लाडक्या थंड पेयाची २५० मिलिलिटरची बाटली मांडली. मागचं बारीक छापलेलं मुलांनीच वाचलं. १०० मिलिलिटरला ११ ग्रॅम साखर. चहाचा एक चमचा म्हणजे साधारण ४ ग्रॅम. फळ्यावर गुणाकार-भागाकार झाला, उत्तर आलं जवळजवळ सात चमचे.

एकेक चमचा ग्लासात पडत गेला तसा वर्ग गप्प. पाचव्याला मागून आवाज आला, "बाई, बास ना!" (जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसालाही दिवसाला शक्यतो २५ ग्रॅमच्या आत राहायला सांगते.)

दुपारच्या पालकसभेत ग्लास तिथंच होता. मी बोलायच्या आधीच मुलं आईचा हात धरून दाखवायला नेत होती. एक आजी म्हणाल्या, "आमच्याकडं ताक असायचं की गं."

एक आई मात्र कोपऱ्यात थांबली होती. पहाटेच्या एसटीनं कामाला जाते, डब्याला वेळ नसतो, म्हणून पोरीच्या हातावर दहा रुपये ठेवते. तिला उपदेश कुठल्या तोंडानं करायचा? दोघी बाकावर बसलो. रात्रीची एक भाकरी जास्त करायची, सकाळी चुरून तिला कांदा-मिरचीची फोडणी. सोबत मूठभर शेंगदाणे.

"फोडणी आजी देईल, चुरायचं मी करते," शेजारी उभी असलेली लेक म्हणाली.

आजींनी उद्या वर्गासाठी कळशीभर ताक आणायचं कबूल केलंय. पेले मुलं घरून आणणार.