विचारलेला प्रश्न आणि सांगितलेला प्रश्न

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका इंग्रजी पत्राचा शेवट ‘आय वुड लाइक टू नो व्हेन द ऑफिस ओपन्स?’ असा केला होता. मसुदा तपासणाऱ्या वरिष्ठ बाईंनी बाकी काहीही न बदलता तेवढे प्रश्नचिन्ह खोडले आणि पूर्णविराम दिला. मला माहिती हवी होती, म्हणजे मी प्रश्नच विचारत होतो. मग चिन्ह चुकले कसे, हे कित्येक दिवस मला उमगले नव्हते.

इंग्रजीतले प्रश्नचिन्ह मनातल्या जिज्ञासेला नव्हे, तर वाक्याच्या बांधणीला लागते. ‘व्हेन डज द ऑफिस ओपन?’ हे वाक्य मुळातच प्रश्न आहे. माझ्या वाक्यात मात्र ‘मला जाणून घ्यायचे आहे’ हे मुख्य विधान होते आणि प्रश्न त्याच्या पोटात गौण वाक्य होऊन बसला होता. त्याच गौण वाक्याआधी ‘डू यू नो’ आले, की मुख्य वाक्यच प्रश्नार्थक होते आणि चिन्ह द्यावे लागते. आपण मराठी माणसे इथे घसरतो, कारण ‘कार्यालय कधी उघडते?’ आणि ‘कार्यालय कधी उघडते ते सांगा’ या दोन्हींत आपला शब्दक्रम जागचा हलत नाही. इंग्रजीत थेट प्रश्न विचारताना साहाय्यक क्रियापद बहुधा कर्त्याच्या पुढे येते आणि गौण वाक्यात पुन्हा मागे जाते. म्हणूनच ‘टेल मी व्हेअर इज द स्टेशन?’ या वाक्यात शब्दक्रमाची आणि चिन्हाची अशा दोन्ही चुका जोडीने येतात.

क्रियापद पुढे आले की प्रश्न ओळखू येतोच, त्यामुळे तिथे चिन्ह जवळजवळ शोभेचे असते. त्याची खरी किंमत ‘यू आर लीव्हिंग?’ यासारख्या वाक्यात कळते, कारण तिथे शब्द विधानाचे असतात आणि आवाजाचा चढ कागदावर उतरवणारे ते एकच चिन्ह असते. युरोपात आठव्या-नवव्या शतकांतल्या लॅटिन हस्तलिखितांत या चिन्हाचा पूर्वज दिसतो, तोही मोठ्याने वाचणाऱ्याच्या सोयीसाठीच. १५८०च्या दशकात हेन्री डेनम या लंडनच्या मुद्रकाने, ज्यांना उत्तर अपेक्षित नसते अशा प्रश्नांसाठी आरशात दिसावे तसे उलटे प्रश्नचिन्ह वापरून पाहिले. ते टिकले नाही, याची मला थोडी हळहळ वाटते. मराठीत ही चिन्हे रुळली ती इंग्रज कोशकार मेजर थॉमस कँडी यांच्यामुळे. त्यांचे ‘विरामचिन्हांची परिभाषा’ १८५० साली प्रसिद्ध झाले. त्याआधी आपले फारसे अडले नसावे, कारण ‘येतोस का’ मधला ‘का’ बरेचसे काम करून टाकतो.

बांधणीचा हा नियम एका ठिकाणी मात्र वाकतो. ‘वुड यू प्लीज सेंड द पेपर्स बाय मंडे’ या वाक्याची बांधणी प्रश्नाची, पण हेतू सूचनेचा असल्याने कार्यालयीन पत्रांत त्याच्या शेवटी पूर्णविरामही चालतो. मी तिथे अजून प्रश्नचिन्हच देतो. आमच्या बाई पूर्णविराम देत असत, आणि त्यांची कागदपत्रे सोमवारच्या आत येत असत.