फिरत्या यंत्राचा वेग ब्रेक ठरवतो

फिरत्या यंत्रमानवांच्या माहितीपत्रकात कमाल वेग ठळक अक्षरांत छापलेला असतो. शेजारी वाहून नेता येणारे वजन असते आणि एका चार्जिंगमध्ये बॅटरी किती तास टिकते हेही असते. पण तेवढे वजन घेऊन त्या वेगाने जाताना यंत्राला थांबायला किती अंतर लागते, हा आकडा बहुधा आतल्या पानांत शोधावा लागतो. अशा यंत्रांची रचना आणि नियंत्रण हेच काम असलेल्या माझ्यासारख्याला हा क्रम उलटा वाटतो. कागदावर वेगाची मर्यादा मोटरच्या ताकदीने ठरत असेल, पण जिथे माणसे वावरतात तिथे ती थांबण्याच्या अंतराने ठरते, आणि यंत्राचा उरलेला आराखडा त्या अंतरापासून उलट दिशेने मांडत यावे लागते.

थांबण्याच्या अंतराचे दोन भाग असतात. अडथळा दिसल्यापासून ब्रेक प्रत्यक्ष पकड घेईपर्यंत यंत्र पूर्ण वेगानेच पुढे जात असते, हा पहिला भाग. ब्रेक लागल्यावर वेग शून्यावर येईपर्यंत कापले जाणारे अंतर हा दुसरा. पहिला भाग वेगाच्या प्रमाणात वाढतो, तर दुसरा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. समजा, यंत्र सेकंदाला १.५ मीटर, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाच्या वेगाने जात आहे, सेन्सर, नियंत्रक आणि ब्रेक यांचा मिळून विलंब ०.३ सेकंद आहे आणि मंदन, म्हणजे ब्रेक लागल्यावर वेग कमी होण्याचा दर, १ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे. पहिल्या भागात ०.४५ मीटर आणि दुसऱ्यात १.१२५ मीटर, असे एकूण सुमारे १.५८ मीटर अंतर लागते. आता वेग फक्त २ मीटर प्रति सेकंद करून पाहिला, तर अंतर २.६ मीटरवर जाते. म्हणजे वेग एक तृतीयांशाने वाढतो आणि अंतर जवळजवळ दोन तृतीयांशाने. यात सेन्सरच्या मोजमापातील चूक, झिजलेले ब्रेक, ओली फरशी आणि उतार यांसाठीची जादा जागा अजून धरलेलीच नाही.

मग ब्रेक अधिक जोरात लावावेत, असे कोणालाही वाटेल. पण उंच रचलेला माल वाहणाऱ्या यंत्रात तेवढी मुभा नसते. मालासह गुरुत्वमध्य जमिनीपासून १.२ मीटर उंच आणि पुढच्या चाकांच्या आसापासून आडव्या रेषेत ०.३ मीटर मागे असेल, तर मंदन २.४५ मीटर प्रति सेकंद वर्गाच्या पुढे गेल्याबरोबर मागची चाके उचलली जाऊ लागतात. नुसता ठेवलेला, न बांधलेला माल तर त्याआधीच घसरू शकतो: माल आणि फळी यांच्यातील घर्षण गुणांक ०.२ असेल, तर २ मीटर प्रति सेकंद वर्गाच्या मंदनालाच तो हलतो. म्हणून बॅटरीसारखे जड भाग तळाशी बसवणे हा मला सुरक्षेचाच निर्णय वाटतो. तो आराखड्याच्या पहिल्या आठवड्यात घेतला नाही, तर पुढे कितीही हुशार सॉफ्टवेअर लिहिले तरी त्याची भरपाई होत नाही.

थांबायला लागणारे अंतर कळले की तेवढे अंतर पाहू शकणारा डोळा हवा. कारखान्यांत आणि गोदामांत फिरणाऱ्या बहुतेक यंत्रांवर हे काम सुरक्षा लेझर स्कॅनर करतो. तो डोळ्यांना न दिसणारा अवरक्त किरण एका आडव्या प्रतलात फिरवतो आणि परतलेल्या प्रकाशावरून अंतर मोजतो. एक फेरा साधारण ३० ते ४० मिलिसेकंदांत होतो, पण उडत्या धुळीच्या कणाला अडथळा समजून यंत्र उगाच थांबू नये म्हणून निर्णय सहसा एकाहून अधिक फेऱ्यांनंतर घेतला जातो, आणि विलंबात तिथेच भर पडते. यंत्राभोवती आखलेल्या संरक्षक क्षेत्रात काही शिरले की ब्रेक लागतात. हे क्षेत्र वेगाबरोबर लांबते, वळताना वळणाच्या दिशेने झुकते, आणि ते बदलण्यासाठी लागणारा वेग चाकांवरच्या एकाच मापकावर विसंबून न ठेवता दोन मापकांची तुलना करून घेतला जातो.

या डोळ्याची मोठी उणीव अशी की तो एकाच उंचीवर पाहतो. जमिनीपासून सुमारे २० सेंटिमीटरवरच्या प्रतलात माणसाचे पाय दिसतात, टेबलाचे पायही दिसतात. पण टेबलाचा पुढे आलेला काठ किंवा उचललेल्या फोर्कलिफ्टचे काटे त्याच्या लेखी नसतातच. चालकाविना धावणाऱ्या औद्योगिक वाहनांसाठीच्या आयएसओ ३६९१-४ या मानकात माणूस ओळखण्याच्या चाचणीसाठी दोन नळकांडी सांगितली आहेत: ७० मिलिमीटर व्यासाचे उभे आणि २०० मिलिमीटर व्यासाचे आडवे. पहिले उभ्या माणसाच्या पायाच्या जागी, तर दुसरे जमिनीवर पडलेल्या माणसाच्या जागी. मानकाने पडलेल्या माणसाचाही विचार केला आहे, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. सुरक्षेसाठी प्रमाणित असे त्रिमितीय कॅमेरेही आता मिळू लागले आहेत, पण त्यांच्यामुळे स्कॅनर लवकरच बाजूला पडेल असे मला वाटत नाही.

स्कॅनरपासून ब्रेकपर्यंतच्या संपूर्ण साखळीकडून सहसा यंत्रांच्या सुरक्षा-नियंत्रणासाठीच्या आयएसओ १३८४९-१ या मानकातील ‘डी’ पातळीची अपेक्षा असते. म्हणजे धोकादायक बिघाडाची शक्यता दर तासाला दहा लाखांत एकाहून कमी. मार्ग आखणाऱ्या, वस्तू ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल असे आश्वासन आज कोणी प्रामाणिकपणे देऊ शकत नाही. त्यामुळे चांगल्या रचनेत दोन थर असतात. वरचा थर हुशार असतो: तो मार्ग शोधतो, गर्दीतून वाट काढतो, आणि ज्या वेगावरून वेळेत थांबता येणार नाही असे सारे वेग आधीच बाद करतो. (१९९७ मध्ये फॉक्स, बुर्गार्ड आणि थ्रुन या संशोधकांनी मांडलेल्या पद्धतीचा हाच गाभा आहे, आणि ती अजून वापरात आहे.) खालचा थर मुद्दाम मठ्ठ ठेवलेला असतो. समोर काय आहे हे तो विचारत नाही. क्षेत्रात काही आहे, एवढे त्याला थांबण्यासाठी पुरते.

हा खालचा थर काढून टाकला तर काय होते, हे १८ मार्च २०१८ रोजी अमेरिकेतील टेम्पे येथे दिसले. उबर कंपनीच्या स्वयंचलित चाचणी-मोटारीच्या धडकेत सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेचा मृत्यू झाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासानुसार प्रणालीला ती धडकेच्या ५.६ सेकंद आधीच दिसली होती. मोटार तेव्हा ताशी सुमारे ७० किलोमीटर वेगाने धावत होती, म्हणजे हाताशी शंभर मीटरांहून अधिक अंतर होते. परंतु प्रणाली तिला कधी वाहन, कधी अन्य वस्तू, तर कधी सायकल ठरवत राहिली, आणि दर वेळी ओळख बदलली की तिच्या हालचालीचा आधीचा माग पुसला जात होता. मोटारीच्या मूळ उत्पादकाने बसवलेली आपोआप ब्रेक लावण्याची सोय संगणकाच्या ताब्यात असताना बंद ठेवलेली होती. तपासात चालकाच्या आसनावरील व्यक्तीच्या दुर्लक्षावरही ठपका आला आणि तो योग्यच आहे. तरीही, ‘हे काय आहे’ याचे उत्तर मिळेपर्यंत थांबण्याचा निर्णय अडकून राहावा, हा दोष मला रचनेचाच वाटतो.

‘थांबणे’ म्हणजे नेमके काय, हा प्रश्नही दिसतो तितका सोपा नाही. जॉर्ज वेस्टिंगहाउसच्या १८६९ च्या पहिल्या रेल्वे ब्रेकमध्ये दाबाखालील हवा ब्रेक लावत असे. नळी फुटली की ब्रेक गेले. १८७२ च्या सुधारित ब्रेकमध्ये त्याने तर्क उलटा केला आणि नळीतील दाब कमी झाला की ब्रेक आपोआप लागू लागले. आजच्या यंत्रांच्या चाकांवरील ब्रेकही याच तर्काने चालतात: स्प्रिंग त्यांना आवळून धरते, वीज त्यांना सोडवते, आणि वीज गेली की यंत्र जागीच जखडते.

दोन चाकांवर किंवा दोन पायांवर तोल सांभाळणाऱ्या यंत्राला मात्र हा तर्क जसाच्या तसा लावता येत नाही, कारण त्याची वीज तोडणे म्हणजे त्याला पाडणे. आयईसी ६०२०४-१ या मानकात थांबण्याचे तीन वर्ग आहेत: ताबडतोब वीज तोडणे, आधी नियंत्रित रीतीने थांबून मग वीज तोडणे, आणि थांबूनही वीज चालू ठेवणे. चार चाकांच्या गाडीला पहिले दोन पुरतात. माणसाएवढ्या उंचीच्या, दोन पायांवर चालणाऱ्या यंत्राला आधी खाली बसावे लागते, आणि बसायला लागणारा वेळ पुन्हा त्या पहिल्याच हिशेबात धरावा लागतो.

थांबल्यानंतर काय करायचे, हा विषय सर्वांत दुर्लक्षित आहे. २ ऑक्टोबर २०२३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये माणूस चालवत असलेल्या एका मोटारीच्या धडकेने एक पादचारी क्रूझ कंपनीच्या चालकविरहित मोटारीपुढे फेकली गेली. त्या मोटारीने ब्रेक लावले, तरी पादचारी महिलेला तिची धडक बसली, आणि मोटार थांबली. पण प्रणालीने ही बाजूने झालेली धडक आहे असा चुकीचा निष्कर्ष काढला आणि रस्त्याच्या कडेला जाण्यासाठी मोटार पुन्हा हलवली. गाडीखाली अडकलेली ती व्यक्ती सुमारे ६ मीटर फरफटत गेली. अपघातानंतर वाहतुकीच्या मध्ये उभे न राहता कडेला जाणे एरवी शहाणपणाचे, पण इथे गाडीखाली पाहणारे कोणी नव्हते आणि यंत्रालाही तिथले दिसत नव्हते.

आणीबाणीच्या बटणाबाबत नियम पूर्वीपासून स्पष्ट आहे: दाबलेले बटण हाताने मोकळे केल्याने यंत्र पुन्हा सुरू होता कामा नये, त्यासाठी वेगळा आदेश द्यावा लागतो. धक्का बसून थांबलेल्या यंत्रालाही मी हाच नियम लावतो आणि वर एक अट घालतो: पुन्हा सुरू करण्याचे बटण यंत्रावरच, आणि तेही अशा जागी असावे की दाबणाऱ्याला यंत्राच्या पुढचा भाग व तळाखालची जागा दोन्ही पाहता यावीत. दूर नियंत्रण कक्षात बसून पडद्यावरच्या नकाशावर टिचकी मारून यंत्र सुरू करण्याची सोय मी धक्क्यानंतर उपलब्ध ठेवत नाही. यामुळे दर वेळी कोणाला तरी यंत्रापर्यंत चालत जावे लागते आणि काम खोळंबते, अशी तक्रार गोदाम चालवणाऱ्यांकडून हमखास येते. तक्रार खरी आहे. अट मी तरीही काढत नाही.